मोठ्या टाकीचा हिशेब

माझ्या पिकअपला डिझेलची मोठी टाकी मला नेमकी कशासाठी हवी आहे, याचं खरं उत्तर मी बरेच दिवस टाळलं. कुणी विचारलं की सांगायचो, जुनी गंजलीय, खालून पाझरतेय, बदलायचीच आहे तर जरा मोठी बसवू. यात खोटं काहीच नाही. जुन्या पिकअपची टाकी चेसिसला पट्ट्यांनी आवळलेली असते, पट्ट्यांखाली चिखल अडकतो, तिथे ओल राहते आणि पत्रा नेमका तिथूनच खाल्ला जातो. टाकी बदलणं भागच आहे. पण ती मोठी हवी, हे कुठून आलं?

ते आलं तलमोडच्या पलीकडून. उमरगा तालुक्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने तलमोड ओलांडलं की कर्नाटक लागतं, आणि कित्येक वर्षं तिकडे डिझेल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त मिळत आलं. सोयाबीन, भाजीपाला, कडबा घेऊन फिरणाऱ्या गाडीला एकदा तिकडे गेल्यावर जितकं मावेल तितकं भरून यावं, हा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही? जून २०२४ मध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा विक्रीकर वाढवला, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा वाढवला, आणि भावातला फरक बराच आटला. माझी मोठ्या टाकीची ओढ मात्र तसूभरही कमी झाली नाही. मग ही ओढ बचतीची होती, की शेजाऱ्यापेक्षा आपण चार पैसे हुशार आहोत असं वाटून घेण्याची? मला वाटतं, दुसऱ्या गोष्टीचाच वाटा मोठा होता. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

गॅरेजात बोलणी झाली तेव्हा मी सगळी घासाघीस पत्र्याच्या जाडीवर आणि लिटरवर केली. टाकी श्वास कुठून घेणार, म्हणजे तिची हवेची नळी, ब्रीदर, कुठे बसणार, हे मी विचारलंही नाही. मिस्त्रीनेच विषय काढला आणि त्यानेच मिटवला, "मालक, ब्रीदर कशाला? झाकणाला भोक पाडू की." मला ते पटलं, कारण त्यात पैसे वाचत होते. खरं तर मला कळत होतं. पंपाने डिझेल ओढलं की तेवढी हवा आत आलीच पाहिजे. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते, काही अंतर गेल्यावर इंजिन उपाशी पडतं, गाडी आचके देत बंद होते. झाकण उघडलं की सूं करून हवा आत शिरते आणि गाडी पुन्हा चालते. फिल्टर बदलून, पंप खोलून दमलेल्या कित्येक माणसांना दोष अखेर तुंबलेल्या ब्रीदरमध्येच सापडतो. नळीच्या तोंडात कुंभारमाशीने घर केलेलं असतं, नाहीतर काळ्या मातीचा गोळा बसलेला असतो. झाकणाच्या भोकातून हवा येते, पण तिच्याबरोबर धूळ येते, पावसाचं पाणी येतं. पाणी तळाशी बसतं आणि नवा पत्राही आतून गंजू लागतो. टाकी जितकी मोठी आणि अर्धीमुर्धी रिकामी, तितकी आतली हवा जास्त, आणि गार रात्री तिच्यातली वाफ पत्र्यावर पाणी होऊन उतरते.

उन्हाचा भाग वेगळाच. डिझेल तापलं की फुगतं. साठ लिटर डिझेल वीस अंशांनी तापलं तर साधारण एक लिटर वाढतं. सकाळी गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतून मे महिन्याच्या दुपारी ते कुठे जाणार? ब्रीदर नीट उंचावर नसेल तर ते वाट काढतं आणि रस्त्यावर ठिबकतं. बांधावरून तिरकी उतरलेल्या गाडीचंही तसंच. ही ठिबक पाहून माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? पैसे चालले. मग लोक करतात तो उपाय सुचला, नळीत बोल्ट ठोकून ती बंदच करायची.

त्या थेंबांवरून मागचा मोटारसायकलवाला घसरू शकतो, हे माझ्या मनात आलंच नाही. तुळजापूरच्या घाटात ऐन वळणावर सांडलेलं डिझेल दुचाकीला काय करतं, हे या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? कोजागरीला सोलापूरकडून, कर्नाटकातून हजारो माणसं याच रस्त्यांनी भवानीच्या दर्शनाला चालत येतात, कितीतरी अनवाणी. मीही त्या गर्दीत हात जोडत असतो. हात जोडणारा आणि थेंबाची किंमत फक्त रुपयात मोजणारा ही दोन माणसं माझ्यात इतकी सुखाने एकत्र कशी राहतात?

याहून अवघड गोष्ट वेल्डिंगची. जुनी टाकी कापून तिला जोड देऊन वाढवायची, हा सगळ्यात स्वस्त मार्ग माझ्यासमोर होता. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, हे मी ऐकून होतो. आत द्रव नसतो, पण वाफ असते, हवा असते, आणि सांध्यात चिकटलेलं डिझेल वेल्डिंगच्या आचेने आणखी वाफ सोडतं. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३५ अंश सेल्सिअस ठेवलेला आहे, आणि आपल्याकडचा उन्हाळा चाळीस ओलांडतो. टाकी गरम पाण्याने आणि सोड्याने धुवायची, वाफ द्यायची, जोडाच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं, सगळी तोंडं उघडी ठेवायची, मगच ज्योत लावायची. या सगळ्याला वेळ लागतो. आणि मी गॅरेजात म्हणालो काय, तर संध्याकाळपर्यंत द्या. ते संध्याकाळपर्यंत मी कुणाच्या जिवावर मागत होतो? टॉर्च धरणारं पोरगं माझ्या धाकट्या पुतण्याएवढं होतं.

गाडी चालवणारा मी नाही, हेही इथेच कबूल करतो. शंभर लिटर जादा डिझेल म्हणजे ऐंशी किलोंहून अधिक वजन, तेही चेसिसच्या एकाच बाजूला. आत आडवे पडदे नसतील तर वळणावर ते सगळं एकदम कलतं. दुसरी टाकी जोडली तर दोन्हींना स्वतंत्र ब्रीदर हवा, नाहीतर खालची जोडनळी पातळी राखू शकत नाही. आणि इंजिनाकडून परत येणारं डिझेल ज्या टाकीतून घेतलं तिच्यातच जायला हवं, नाहीतर एक आटते आणि दुसरी उतू जाते. यातलं काही बिघडलं तर रात्री नळदुर्गच्या अलीकडे अंधारात उभा राहणार तो ड्रायव्हर. मी घरी फोन कानाला लावून त्याच्यावरच चिडणार.

मग मी थांबलो. मला थांबवलं ते विवेकाने, की मोटार वाहन कायद्याच्या भीतीने? १९८८च्या या कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या फेरफारांना अटकाव करतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवते ते अशाच फेरफारांवर. खरं सांगतो, आधी भीती आली. बाकीचं तिच्या मागून आलं. भीतीने का होईना, शहाणपण आलं तर ते कमी प्रतीचं ठरतं का? याचं उत्तर मला अजून नक्की देता येत नाही.

मोठी टाकी ठेवणं हे पाप नव्हे. पंप लांब असलेल्या गावात ती गरज असू शकते, आणि काही गाड्यांना कारखान्याचीच मोठी टाकी मिळते. माझी गरज तेवढी नव्हती. म्हणून मूळ मापाचीच नवी टाकी बसवायची, ब्रीदरची नळी फिलरच्या तोंडापेक्षा वर नेऊन वळसा देऊन तोंड खाली ठेवायचं, त्याला जाळी, आणि गाडी कलंडली तर बंद होणारा व्हॉल्व्ह, असं ठरवलं. सायलेन्सरपासून नळी दूर राहील हेही पाहायचं. याला मी ठरवलेल्या खर्चापेक्षा जास्त पैसे लागतात आणि गाडी एक दिवस जास्त उभी राहते.

तुमची गाडी गॅरेजात जाणार असेल तर एवढं करा: जुन्या टाकीवर वेल्डिंग करायला सांगू नका, आणि सांगावंच लागलं तर ती धुऊन पाणी भरेपर्यंत तिथे उभे राहा. संध्याकाळपर्यंत द्या, असं म्हणू नका.