शेजाऱ्याचा श्वास

हात स्वच्छ धुतले म्हणजे आपण शेजाऱ्याच्या ऋणातून मोकळे झालो काय? २०२० साली कोरोनाच्या प्रारंभी आपण दाराच्या कड्यासुद्धा धूत होतो. पुढे उमगले की, मोठी वाट हवेची आहे. बोलताना, गाताना, खोकताना निघालेले सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. धडधाकट कातडीतून हा विषाणू आत शिरत नाही. तोच हात नाकाडोळ्यांना लागला की शिरतो. १९८२ च्या एका प्रयोगात इन्फ्लुएंझाचा विषाणू पोलादावर एक-दोन दिवस टिकला, हातावर मात्र पाचच मिनिटे. (म्हणून कोणी साबण टाकून देऊ नये!)

हात माझे आहेत, हवा सर्वांची आहे. शिवाय कोरोनाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच रोग पसरवू शकतो. नकळत घडले त्याचा दोष कोणावर ठेवावा? पण ठाऊक असता, तापाने फणफणत उपासनेस येऊन बाकावर बसणे, याला निष्ठा म्हणावे असे मला वाटत नाही.

मात्र हाच न्याय पिरनवाडीहून उद्यमबागेत रोजंदारीस जाणाऱ्याला लावताना जीभ अडखळते. खोकत कामावर गेला तर तो सोबत्यांचा अपराधी, घरी राहिला तर लेकरांचा. आणि त्याला 'घरी बसा' सांगणारे आपण बहुधा महिन्याच्या पगाराचे लोक! त्याची बुडालेली दोन दिवसांची मजुरी मंडळीने द्यावी काय, हा प्रश्न शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गापुढे अवश्य ठेवावा. आणि वर्ग भरण्यापूर्वी खिडक्या उघडाव्या.