बॉनेट उघडलं की गाडी कुठे जाते?

जुनी मारुती ८०० गॅरेजात येते ती बऱ्याचदा एकच तक्रार घेऊन: ‘मिसिंग करतेय.’ मिस्त्री बॉनेट उचलून दांडी लावतो आणि इंजिन चालूच ठेवायला सांगतो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, तीन प्लग. रबरी मुठीच्या पक्कडीने तो पहिल्या प्लगची वायर उपटतो. इंजिन गचके खात बंद पडायला येतं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. वायर परत जागेवर. दुसरीचंही तेच. तिसरी काढली, तरी आवाजात काडीचा फरक नाही. दुखणं सापडलं.

न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांनी ‘डोंगरावर धूर, म्हणजे तिथे आग’ हा नेहमीचा धुराचा डोंगर जरा बाजूला ठेवून हे उदाहरण घ्यायला हरकत नाही. धूर इथेही असतोच.

प्लग सापडतो, कार्ब्युरेटर सापडतो, रेडिएटर, डिस्ट्रिब्युटर, फॅनबेल्ट, सगळ्यांवर बोट ठेवता येतं. गाडीवर मात्र येत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला नेमकं हेच विचारतो. हा मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. तो रथात बसून आलेला. मग रथ कोणता? चाकं? आस? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की या सगळ्यांच्या आधाराने वापरात आलेलं ‘रथ’ हे नाव आहे. नागसेनाला माणसाबद्दलही तेवढंच म्हणायचं होतं: ‘नागसेन’ हेही नावच, आत वेगळा आत्मा नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला याच राजाचं नाव आहे, आणि परिसराला भिक्षूचं: नागसेनवन.

मग सुटे भाग एकत्र केले की झाली गाडी? सातव्या शतकातल्या चंद्रकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाला तेही मान्य नव्हतं. इंजिन ‘खोललं’ की पिस्टन, व्हॉल्व्ह, रिंगा ताडपत्रीवर ओळीने पडतात. ढीग पूर्ण असतो, पण त्यात बसून कोणी नाशिकला जात नाही.

नैयायिकांचा या सगळ्याला ठाम विरोध. अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ असतोच, असं ते म्हणतात, आणि न्यायसूत्रांतला त्यांचा एक पुरावा मोठा रोखठोक आहे: एक भाग ओढला की अख्खी वस्तू ओढली जाते. बंद पडलेल्या गाडीच्या हुकात दोर अडकवून ती ओढत नेताना हा युक्तिवाद बराच पटतो. वाळूचा ढीग असा येत नाही.

तरीही पारडं नागसेनाकडे झुकतं. कारण मिस्त्रीच्या हाताखाली ‘प्लग’सुद्धा ठिणगी टाकतो तोवरच प्लग असतो, आणि ठिणगीसाठी त्याला कॉइल लागते, कॉइलला बॅटरी. भागाचं नावही उसनंच.

कायद्याने यातून आपल्यापुरती वाट काढली आहे. इंजिन बदललं तर आरटीओच्या मंजुरीने नवा इंजिन नंबर आरसीवर चढतो. गाडी तीच राहते, कारण चासी नंबर तोच. हा नंबर आता १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी ‘आय’ वापरत नाहीत, एकाशी गल्लत होते म्हणून. इंग्रजीत ‘मी’ही त्याच अक्षराने लिहितात, हे नागसेनाला आवडलं असतं.

तिसरा प्लग बाहेर येतो तेव्हा टोकावर काळा कार्बन बसलेला असतो. पॉलिशपेपरने घासूनही जमलं नाही, तर नवा बसतो आणि जुना कोपऱ्यातल्या डब्यात पडतो. भंगारवाला त्याचं नाव विचारत नाही. वजन करतो.