मंडळी सोडताना

ज्या संगतीत आपला आवाज घडला ती संगत सोडून गायक बाहेर पडतो, तेव्हा तो आपल्याबरोबर नेमके काय नेतो? गळा त्याचा असतो, हे निर्विवाद. पण गळ्यातून जे उमटते ते सर्वस्वी त्याचे असते काय?

मराठी रसिकांपुढे हा प्रश्न 1913 साली फार उघडपणे आला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून ज्या परंपरेचा आरंभ केला, तिचे वैभव म्हणजे किर्लोस्कर नाटक मंडळी. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 मध्ये तीत दाखल झाले आणि जुलै 1913 मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर भागीदारांनी स्वतंत्र दुकान मांडावे इतकीच ही गोष्ट. परंतु मराठी मनाला ती घर फुटण्यासारखी वाटली, आणि त्या वाटण्याला अर्थ होता. मंडळी म्हणजे केवळ नट नव्हेत. साथीदार, पडदे रंगविणारे, पंगतीची व्यवस्था पाहणारे आचारी अशा कितीएकांचे पोट एका गळ्यावर अवलंबून असे. त्या गळ्याला देवलांसारख्या नाट्याचार्यांची तालीम मिळालेली होती आणि भाऊराव कोल्हटकरांच्या नायिकांनी आधीच तयार करून ठेवलेला प्रेक्षक लाभला होता. हे सारे सामान बांधून नेता येत नाही, तसेच मागे ठेवूनही जाता येत नाही.

कृतघ्नतेचा आरोप करणारे येथेच थांबतात. मला मात्र तो आरोप अपुरा वाटतो. ऋण फेडायचे म्हणजे जन्मभर त्याच उंबरठ्यावर बसून राहायचे, असे मानले तर शिकविणारा आणि सावकार यांत फरक उरत नाही. ‘स्वयंवर’ 1916 साली आले, त्याला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. ही गायकी जुन्या मंडळीत अशीच फुलली असती, असे छातीठोकपणे कोण सांगेल? उलट, नाहीच फुलली असती असेही म्हणवत नाही. आणि ज्यांनी घर सोडले त्यांचेही घर पुढे सुटत गेले : टेंबे गंधर्व मंडळीतून निघाले, कालांतराने बोडसही. किर्लोस्कर मंडळीत नावारूपाला आलेले दीनानाथ मंगेशकर 1918 मध्ये बळवंत संगीत मंडळी काढून वेगळे झाले.

दूरच्या रॉक संगीतातही हेच दिसते. बीटल्स फुटले तेव्हा, एप्रिल 1970 मध्ये, पॉल मॅकार्टनीने आपल्या एकट्याच्या नावाचा संग्रह काढला आणि त्यातली जवळजवळ सारी वाद्ये स्वतःच वाजविली. चौघांची जागा एकट्याने भरू पाहणाऱ्या त्या हट्टात स्वातंत्र्य किती आणि पोरकेपण किती, हे ऐकणाऱ्याने ठरवावे. संगीत नाटकवाल्याला तेवढीही मुभा नव्हती. एकट्याने नाटक होत नाही. तो एक मंडळी सोडून दुसरी मंडळीच करी.

हे सारे बूढापाऱ्यात बसून लिहिताना आणखी एक उदाहरण टाळता येत नाही, कारण ते याच मातीतले आहे. रायपूरला जन्मलेल्या हबीब तनवीरांनी 1958 साली ‘मिट्टी की गाडी’साठी छत्तीसगढी नाचाचे सहा कलावंत दिल्लीला नेले. ठाकुरराम, लालूराम, मदनलाल, भुलवाराम ही त्यांतली नावे आज नाट्येतिहासात आहेत. ज्या नाचा-मंडळ्यांत अशी माणसे घडली, त्यांची नावे किती वाचकांना ठाऊक असतील? दाऊ मंदराजींनी घरची मालमत्ता वेचून रवेलीची मंडळी जोपासली. किर्लोस्कर मंडळी फुटली तेव्हा तिची बाजू मांडायला वर्तमानपत्रे होती. गावच्या मंडळीतला जोडीदार निघून गेला की मागे राहिलेल्याने कोणापुढे गाऱ्हाणे मांडायचे? निघणाऱ्याचे स्वातंत्र्य मला मान्य आहे. पण त्याचे मोल मागे राहणारा भरतो, आणि तो बहुधा निनावी असतो, हे विसरून आपण केलेले स्वातंत्र्याचे कौतुक मला उथळ वाटते.

शिवाय श्रोत्याचाही एक दावा असतो, तो मात्र मला मुळीच मान्य नाही. आपल्या तारुण्यात ऐकले तसेच त्याने गात राहावे, या अपेक्षेला प्रेम म्हणण्याची आपली रीत आहे.

8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले. नाटक मुळात किर्लोस्कर मंडळीचे, 1911 सालचे, चाली टेंब्यांच्या. भामिनी झाले बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले, ज्यांनी स्वतःही लहानपणची मंडळी सोडून 1908 मध्ये हुबळीला ललितकलादर्श स्थापन केली होती. सोडून गेलेली दोन माणसे जुन्या घरच्या नाटकात समोरासमोर उभी राहिली. त्या रात्री कोणी कोणाचा मालक नव्हता. पुढे तीन महिन्यांच्या आतच, 4 ऑक्टोबरला, केशवराव वारले.