सहीचा धनी

रिसालीत निवृत्त होऊन राहिलेल्या आम्हा पाच-सहा मराठी माणसांची संध्याकाळची बैठक अजून टिकून आहे. नोकऱ्या सुटल्या, गावी परतण्याचे बेत वर्षानुवर्षे पुढे ढकलले गेले, आणि आता आपले गाव कोणते, हाच प्रश्न पडावा अशी स्थिती आहे. परवा या बैठकीत विलायतेतील पोस्टाच्या प्रकरणाचा विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "काही म्हणा, साहेबाच्या देशात पाप लपत नाही. आपल्याकडे असते तर त्या फायली एव्हाना वाळवीने खाल्ल्या असत्या." दुसरे म्हणाले, "वीस वर्षे लपलेच की!" दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि तरीही मला ते अपुरे वाटले.

प्रकरण ज्यांच्या वाचनात आले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील लहान गावांतले पोस्ट बहुधा एखाद्या दुकानदाराकडे कराराने चालवायला दिलेले असते. १९९९ पासून या कचेऱ्यांत 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेबपद्धती बसवण्यात आली. ती फुजित्सु कंपनीची. पद्धतीत दोष होते. पेटीतली रोकड आणि पडद्यावरचा आकडा यांचा मेळ बसेना. करार असा, की तूट आली तर पोस्टमास्तराने पदरची भरावी. शिवाय हिशेब बरोबर आहे असे मान्य केल्याखेरीज पुढचे कामकाज सुरू करता येत नसे. कित्येकांनी साठवलेली पुंजी ओतली. कित्येकांनी नाइलाजाने आकडा जुळला म्हणून मान्य केले, आणि तेवढ्यावरूनच ते खोट्या हिशेबाचे गुन्हेगार ठरले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसांना दोषी ठरवण्यात आले. बहुतेक खटल्यांत फिर्यादी स्वतः पोस्टच होते. तक्रार करणाऱ्या कित्येकांना सांगण्यात आले, की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते. संगणक बरोबर चालतो असे न्यायालयाने गृहीत धरून चालावे, हा तिकडचा कायदा. यंत्राच्या शब्दाला साक्षीपुराव्याची गरज नव्हती, माणसाच्या शब्दाला होती.

सीमा मिश्रा नावाच्या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० साली पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गर्भवती होत्या, आणि तो दिवस त्यांच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता. एका स्थानिक पत्राने त्यांचे वर्णन 'गर्भवती चोर' असे केले. विलायती वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचे आपल्या पिढीला फार कौतुक. पण या प्रकरणात गावोगावच्या पत्रांनी फिर्यादीने सांगितले ते छापले आणि पान उलटले, हेही लक्षात ठेवावे. ज्यांनी खरे काम केले ती पत्रे वेगळी. संगणक-व्यवसायाला वाहिलेल्या 'कॉम्प्युटर वीकली' या साप्ताहिकाने मे २००९ मध्ये सात पोस्टमास्तरांची कहाणी छापली. 'प्रायव्हेट आय' हे टवाळखोर म्हणून प्रसिद्ध असलेले पाक्षिकही पुढे विषय सोडीना. त्याच सुमारास ॲलन बेट्स यांनी पीडितांची संघटना उभी केली होती. २०१० मध्ये त्यांनी संबंधित मंत्र्यांची भेट मागितली, तेव्हा भेटून काही साधणार नाही असे उत्तर आले. पोस्ट संपूर्णपणे सरकारच्या मालकीचे, पण कारभारात सरकारने हात घालायचा नाही, ही सबब. सार्वजनिक क्षेत्रात हयात घालवलेल्या माणसाला हे वाक्य परके वाटू नये. नफ्याच्या दिवशी सरकार मालक असते, आणि तक्रारीच्या दिवशी ते हातभर दूर उभे असते.

२०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पद्धत सदोष असल्याचा निर्णय दिला. २०२१ मध्ये एकाच दिवशी एकोणचाळीस जणांची शिक्षा रद्द झाली. तरीही राज्यकर्ते हलले ते १ जानेवारी २०२४ पासून दूरचित्रवाणीवर चार भागांचे नाटक दाखवले गेले तेव्हा. दहा दिवसांच्या आत पंतप्रधानांनी कायदा करण्याची घोषणा केली, आणि मे महिन्यात शेकडो शिक्षा एकदम पुसल्या गेल्या. याला लोकमताचा विजय म्हणतात. मला त्यात भीतीच अधिक वाटते. ज्या अन्यायावर कुणी नाटक लिहिणार नाही, त्याचे काय?

हा प्रश्न विचारताना मी विलायतेत नव्हतो, इथेच होतो. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात जलपुरवठ्याच्या पंपघराजवळ भट्टीचा वायू पसरला. पाण्याचा दाब उतरला आणि पाण्याने अडवून धरलेला वायू नळांतून उलटा आला. हा वायू रंगहीन, गंधहीन. माणूस आपल्या पायाने त्यात चालत जातो. सहा जण गेले. त्यांत दोन उपमहाप्रबंधक होते, हे मुद्दाम सांगतो, कारण अपघातात नेहमी खालचाच मरतो हा समज त्या दिवशी तरी खोटा ठरला. पुढे ९ ऑक्टोबर २०१८ ला कोकभट्टीच्या वायुवाहिनीवर ठरलेले दुरुस्तीचे काम चालू असताना स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसे जळून मेली. संरक्षणासाठी उभे असलेले अग्निशमन दलाचे लोकही त्यांत होते. त्या रात्री या वसाहतीत किती दिवे उशिरापर्यंत जळत होते ते मी पाहिले आहे. राजधानीच्या वर्तमानपत्रांत ही बातमी काही दिवस राहिली. मग निवडणुका आल्या.

२०१८ च्या अपघातानंतर कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि दोघांना निलंबित केले गेले. यावर आमच्या बैठकीत त्या वेळी कडाक्याचा वाद झाला होता. "मुख्याधिकाऱ्याने काय प्रत्येक नळी स्वतः तपासायची?" हा एका पक्षाचा सवाल. सवाल रास्त आहे. हजारो माणसांच्या कारखान्यात एका माणसाच्या डोळ्यांना सारे दिसत नाही. पण उत्पादनाचा विक्रम झाला म्हणजे हाच माणूस हार स्वीकारतो. त्या विक्रमातला एक टन लोखंडही त्याने स्वतः ओतलेले नसते. जे न करता श्रेय घेता येते, ते न करता जबाबदारी मात्र घेता येत नाही, हा कुठला न्याय? दोष आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. दोष ज्याने केले त्याचा. उत्तरदायित्व पदाबरोबर येते, बंगल्याबरोबर येते, आणि माणूस निर्दोष असला तरी ते त्याला चुकत नाही.

मात्र दूर करणे म्हणजे उत्तर घेणे नव्हे. उलट, एक मनुष्य हलवला की खाते बंद झाले, असे वरच्यांना वाटते आणि खालच्यांनाही बरे वाटते. शब्दातच पाहा ना: उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा. तुम्हाला काय माहीत होते, केव्हा कळले, आणि कळल्यावर पुढे काय विचारले नाही, हे ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर सांगणे. विलायतेतील चौकशीला मी हात जोडतो ते एवढ्यासाठी. सर विन विल्यम्स यांच्यापुढे मोठमोठे अधिकारी शपथेवर बसले, त्यांचीच जुनी पत्रे त्यांच्यापुढे ठेवली गेली, आणि पीडित पोस्टमास्तर समोरच्या खुर्च्यांवर बसून ऐकत होते. पुष्कळांनी "आठवत नाही" म्हटले. म्हणोत. पोस्टाच्या माजी मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स रडल्या. पण तो प्रश्न तोंडावर विचारला गेला. आमच्याकडे चौकशीचा अहवाल वरच्या कचेरीकडे जातो. विधवेच्या घरी अनुकंपा-नियुक्तीचा कागद जातो. तो कागद मोलाचा आहे, पण ते उत्तर नव्हे.

हे सगळे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, याची शंका येते. नोकरीच्या मधल्या वर्षांत मी एका वेगळ्या कारखान्यात होतो. त्याचे नाव इथे नको. शिड्या आणि मचाणांची दरमहा तपासणी होई, आणि नोंदवहीत दोन सह्या लागत: डावीकडे पर्यवेक्षकाची, उजवीकडे 'तपासले, बरोबर आहे' या शब्दांखाली माझी. एका महिन्यात मी न पाहता सही केली. एका नव्हे, कित्येक महिन्यांत; पण त्या महिन्यात मचाण कोसळले आणि ठेकेदाराचा एक मजूर कायमचा लंगडा झाला. स्पष्टीकरण डाव्या सहीकडे मागण्यात आले. माझ्या सहीकडे कुणी पाहिले नाही, आणि मीही कुणाला ती दाखवली नाही. पर्यवेक्षकाची वेतनवाढ दोन वर्षे रोखली गेली. तो गुंडरदेहीच्या बाजूचा छत्तीसगढी माणूस. मला पुढेही 'साहब' म्हणून नमस्कार करी.

याच मुलखात एका मराठी माणसाने सहीचा हिशेब निराळा केला होता. पेंड्रा येथून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे नागपुरात 'हिंदी केसरी'चे संपादक असताना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले गेले. वडील भावाच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि सुटले. भावाचे नाव पुढे करून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, काही काळ मधुकरी मागून राहिले, आणि दासबोध हिंदीत आणण्याच्या कामाला लागले. हे प्रायश्चित्त अतिरेकी होते, असे आमच्या बैठकीतले एक गृहस्थ म्हणतात. असेलही. कुणी विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली होती, एवढे खरे.

माझा तो पर्यवेक्षक अजून हयात आहे, असे गेल्या पावसाळ्यात कळले. रिसालीहून त्याच्या गावाचा रस्ता फार तर दीड तासाचा. मुलाने दोनदा विचारले, गाडी काढू का म्हणून.