पालथी पाटी

मिरजेला मावशीकडे गेलं की तिच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर दोन वस्तू दिसतात. एक तिची जुनी पोथी, लाल बासनात बांधलेली. दुसरा टॅब्लेट. खणाच्या उरलेल्या कापडातून तिने त्यालाही खोळ शिवली आहे. नातू कॅनडाहून आला होता तेव्हा देऊन गेला. मावशी त्याला पाटी म्हणते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही छापील पेपरातली अक्षरं तिला नीट लागत नाहीत. पाटीवर दोन बोटं फाकवली की अक्षर हवं तेवढं मोठं होतं. वयाच्या 81व्या वर्षी ती पुन्हा रोजचा अग्रलेख वाचू लागली आणि त्यावरून शेजारच्या काकूंशी वाद घालू लागली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या यंत्राची ऋणी आहे.

गेल्या रविवारी मी पोचले तेव्हा ती वाचतच होती. मला दारात पाहिलं, हातातली पाटी स्टुलावर पालथी घातली आणि म्हणाली, "ये गं, बस." पुढचा दीड तास ती तशीच पालथी होती. मधे दोनदा तिच्यातून आवाज आला. मावशीने तिकडे मान वळवली नाही. मी म्हटलं, "बंदच का नाही करून ठेवत?" तर म्हणाली, "बंद असो नाहीतर चालू, तोंड वर असलं की लक्ष जातंच. घरात माणूस आलं की पालथी घालायची."

आठवडाभर हे वाक्य माझ्या मनात घर करून आहे.

अशी उचलून नेता येणारी यंत्रं आपल्या हातापर्यंत कशी आली, ते आठवून पाहिलं. 1981 साली ऑस्बर्न 1 नावाचा संगणक बाजारात आला. सोबत नेता येतो म्हणून त्याचं कौतुक झालं. वजन सुमारे 11 किलो, पडदा 5 इंचांचा, आणि चालवायला भिंतीतली वीज. शिलाई मशीन पेटीत घालून न्यावं तसा तो न्यावा लागे. म्हणजे नेणारा ठरवून नेई. 2006 च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने 'ओरिगामी' या नावाने ज्यांची हवा केली, ते 7 इंची पडद्याचे छोटे पीसी आले. किंमत जास्त आणि बॅटरी लवकर संपणारी, त्यामुळे ते फारसे रुळले नाहीत. पुढच्याच वर्षी आसुसचा ईईई पीसी आला, किलोभराच्या आतला. 2010 च्या एप्रिलमध्ये आयपॅड विक्रीला आला, सुमारे 680 ग्रॅमचा. आणि 2011 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत 'आकाश' नावाचा टॅब्लेट विद्यार्थ्यांच्या हाती दिला गेला. सरकारने तो 2,276 रुपयांना विकत घेतला होता. त्याचा पडदा बोटाने दाबून दाबून चालवावा लागे, तरी गरिबाच्या पोराच्या दप्तरात संगणक असावा ही इच्छा खरी होती.

तीस वर्षांत 11 किलोंचं ओझं पाऊण किलोच्या आत आलं. सोय झाली, यात शंका नाही. पण जड वस्तूचा एक गुण होता. ती एका जागी बसून राहायची. आपण तिच्यापाशी जायचो आणि काम झालं की तिच्यापासून उठायचो. ते उठणं हीच काम संपल्याची खूण होती. पोथीचं वाचन झालं की बासन बांधलं जातं, तेव्हा घरातल्या लहान मुलालाही कळतं की आता आजी मोकळी झाली. हलकी वस्तू मात्र आपल्याबरोबरच उठते. स्वयंपाकघरात येते, अंथरुणात येते, आजाऱ्याच्या उशाशी येते.

त्या उशाशी मी बसले आहे. माझे वडील शेवटच्या आजारात 11 दिवस रुग्णालयात होते आणि मला रजा मिळणं अवघड होतं. माझा लॅपटॉप हलका, मांडीवर ठेवला तर जाणवतही नाही असा. त्याच्यामुळेच मी ते 11 दिवस त्यांच्या खाटेजवळ काढू शकले. तो नसता तर मी पुण्यात असते आणि फोनवरून तब्येत विचारत राहिले असते. म्हणून मी त्या यंत्राला शिव्या देणार नाही. पण चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. मी एक मजकूर पाठवण्याच्या घाईत होते. पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "एक मिनिट हं, बाबा." ते थांबले. मजकूर गेला, त्याला उत्तर आलं, त्या उत्तराला मी उत्तर दिलं. मान वर केली तेव्हा त्यांचा डोळा लागला होता. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही गं, असंच." ते असंच काय होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. कदाचित पाणी हवं असेल. कदाचित नुसतं बोलायचं असेल. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते आणि तिथे नव्हते.

तेव्हापासून मला वाटतं, की अशा वस्तूंबद्दल आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. पडदा किती तास वापरला, मुलाला किती वाजेपर्यंत द्यावा, असे हिशेब आपण मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं, की वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवू नये आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. ते पाळायलाच हवं. पण मी त्या अकरा दिवसांत लॅपटॉप फार तास वापरला म्हणून चुकले असं नाही. हाक आली त्या क्षणी तो खाली ठेवला नाही, म्हणून चुकले.

एका ओळखीच्या घरी दीड वर्षाचं बाळ पडद्यावरची गाणी बघत बघत जेवतं. घास तोंडात जातो, पण तो भरवणाऱ्या हाताकडे त्याचं लक्ष नसतं. चिऊकाऊचे घास भरवताना आई बाळाच्या डोळ्यांत बघायची आणि बाळ खिडकीतून खरीखुरी चिमणी शोधायचं. हे आठवून त्या आईला दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. दोघं नोकरीला, घर दोन खोल्यांचं, आत्या-मावशी कोणी जवळ नाही. तिला वीस मिनिटांत बाळ जेवायला हवं, कारण सव्वानऊची गाडी थांबत नाही. ज्या घरात माणसं कमी पडतात त्या घरात पडदा माणसाच्या जागी उभा राहतो. तिथे उपदेशापेक्षा एक माणूस जास्त उपयोगी पडेल. आपल्यापैकी कोणी शेजारची काकू होऊन ती वीस मिनिटं देऊ शकेल का, हे आधी पाहावं.

आणि मुळात ही पाटी ज्यांच्या मनात आली, त्यांनी ती मूल गप्प बसावं म्हणून कल्पिली नव्हती. अमेरिकेतल्या अ‍ॅलन के यांनी 1972 साली 'डायनाबुक' नावाची कल्पना मांडली: वहीएवढा संगणक, मुलांच्या हातात. मुलाने त्यावर चित्र काढावं, खेळ स्वतः रचावा, जे सुचेल ते करून बघावं. त्याच विचाराच्या वाटेने पुढे गरीब देशांतल्या मुलांसाठी एक्सओ नावाचा छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप तयार झाला. त्याचा पडदा फिरवून मिटला की त्याची पाटी व्हायची आणि ती उन्हातही वाचता यायची. 2007 साली तो आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत आला. पोरं होती बावीसच. हा लॅपटॉप घडवणाऱ्या प्रकल्पाचे प्रवर्तक निकोलस निग्रोपाँटे कंबोडियातल्या एका गावची गोष्ट सांगत: मुलांनी लॅपटॉप घरी नेला तेव्हा त्याचा पडदा हाच घरातला सगळ्यांत मोठा उजेड होता. मला ती गोष्ट फार आवडते. त्या उजेडाभोवती अख्खं घर बसलं असेल असं मी मनात चित्र रंगवते.

एकाच वस्तूचे हे दोन उपयोग आहेत. ती आडवी ठेवली तर चार माणसं तिच्याभोवती बसू शकतात. उभी धरली तर ती दोन माणसांमधली भिंत होते. एका दवाखान्यात मी पाहिलं, डॉक्टरांनी पेशंटच्या छातीचा फोटो टॅब्लेटवर उघडला, टॅब्लेट टेबलावर आडवा सरकवला आणि त्या शेतकरी बाईला बोटाने दाखवलं, "हे बघा, इथे पाणी आहे." ती बाई पुढे वाकून आपलं फुप्फुस बघत होती. तिच्या शरीरातली गोष्ट पहिल्यांदा तिच्यासमोर ठेवली गेली होती. तेवढ्यासाठी किती वेळ लागला असेल? पाव मिनिट.

मावशीच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही-मोबाइल दीड तास बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलत बसतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. सक्ती वाटेल, पण मला त्यात गावाचं शहाणपण दिसतं. एकट्याने पाटी पालथी घालायला बळ लागतं. शेजारच्या घरातही ती पालथी आहे हे ठाऊक असलं की सोपं जातं. मावशीला भोंगा लागत नाही, कारण आल्या माणसाला आपलं तोंड दाखवायचं, ही तिच्या आईने लावलेली सवय आहे.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. मी निघाले तेव्हा मावशीने पाटी उलटून बघितली. नातवाचे दोन फोन येऊन गेले होते. तो आठवड्यातून एकदाच करतो, आपल्याकडे रविवारची संध्याकाळ असते तेव्हा; त्याची ती सकाळ. मला अपराध्यासारखं झालं. म्हटलं, "मावशी, अगं मला सांगायचं ना, मी काय परकी आहे?" ती काही बोलली नाही. तिलाही लागलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पदराने चष्मा पुसला, त्याला फोन लावला आणि पाटी पाण्याच्या तांब्याला टेकवून उभी केली. पलीकडे घंटी वाजत होती. माझ्या खांद्यावरची पर्स तिने काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "इकडे सरक जरा. तूपण दिसायला हवीस त्याला."