आधी पैसा, मग घाम

पोटासाठी बाहेर पडलेला माणूस घरी पैसे पाठवतो आणि घराची गरिबी हटते, असा सर्वसाधारण समज आहे. परदेशातून पैसा येणाऱ्या केरळकडे पाहिलं तर तो खोटाही वाटत नाही. 2022 साली परदेशातल्या भारतीयांनी शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र या समजाची दोन भागांत दोन उत्तरं मिळतात.

पारनेरचा माणूस मुंबईला गेला. गिरणीत, माथाडीत राबला, खानावळीत जेवला आणि घरी मनिऑर्डर करत राहिला. त्यातून पोरांची शिक्षणं झाली, बहिणींची लग्नं झाली, विहिरीचं काम पुढं सरकलं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हा पैसा किती परस्वाधीन आहे ते घराघराला कळलं. तरी तो केलेल्या कामाचा पैसा होता. उरला तर आपला होता.

पाथर्डी-शेवगावकडं आधी पैसा येतो, काम नंतर. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. घर सोडण्याआधीच हा कोयता मुकादमाकडून उचल घेतो. आजारपण, लग्न, जुनी देणी यांत ती संपते. मग हंगामभर टनाच्या दरानं ऊस तोडून ती फेडायची; फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. अशा पैशानं चूल पेटते, पण शिल्लक राहणार कुठून? बाईची मजुरी तर जोडीच्या हिशेबात विरून जाते. आणि हे त्याच जिल्ह्यात, जिथं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला! शेतकऱ्याला मालक करणारा तो विचार ऊस तोडणाऱ्या हातांपर्यंत पोचला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गावही असंच रिकामं होत चाललं होतं. 1989 ला पोपटराव पवार सरपंच झाले. पाणलोटाची कामं झाली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आली, पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. गेलेली कुटुंबं परतली. बाहेरचा पैसा गरिबीला थोपवून धरतो. गाव वाढतं ते पाण्यावर.

पाथर्डीच्या डोंगराळ गावांत पाणलोटाची कामं व्हायलाच हवीत. तोवर कारखान्यांनी एवढं तरी करावं: उचलीचा आणि बाकीचा लेखी हिशेब मजुराच्या हातात द्यावा, आणि बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा करावी.