नेम धरलेली सुई

केळव्याच्या शीतलादेवीपुढे एकेकाळी देवीच्या रोगाच्या धसक्याने हात जोडले जात. तो रोग जगातून गेल्याचे १९८० साली जाहीर झाले. ज्या लशीने तो गेला, ती दीर्घकाळ वासरांच्या खरवडलेल्या कातडीवर वाढवत. शेजारच्या तारापूर एमआयडीसीत आज औषधांचा कच्चा माल बनतो, आणि नवे औषध माणसाला देण्याआधी बहुधा उंदराला टोचलेले असते. हे टोचणे आता सौम्य होत आहे. पूर्वी गर्भात औषध सोडायला मादीचे पोट उघडत, हृदयात सुई अंदाजाने खुपसत. आता भूल दिलेला उंदीर उबदार पाटावर ठेवतात, कारण पंचवीसेक ग्रॅमचा देह भुलीत पटकन गार पडतो. छातीवरची लव काढून जेल लावतात आणि मिनिटाला चारपाचशे ठोके देणाऱ्या हृदयात सुईचे टोक शिरताना सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते. जखम टाचणीएवढी, फसलेले प्रयोग कमी, म्हणून उंदीरही कमी लागतात.

मग पाप फिटले का? मला वाटते, प्रश्न अधिकच टोकदार झाला. महाभारतातला मांस विकणारा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो, की नांगरानेही असंख्य जीव मरतात. अहिंसक कोणीच नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण नांगराचा नेम किड्यावर नसतो. जैन विचारात गृहस्थाला शेतीधंद्यात अटळपणे घडणारी हिंसा क्षम्य आहे, संकल्प करून केलेली नाही. पडद्यावर पाहून हृदयात घातलेली सुई संकल्पाचीच. हेतू रोग बरा करण्याचा असेल, पण तो माणसाचा, उंदराचा नव्हे. यावर कोणी म्हणेल, मग आंधळी सुई बरी होती का? मुळीच नाही. वेदना टाळता येत असताना न टाळणे हा निव्वळ निर्दयपणा. पण सुबक हात हे प्रयोगाचे समर्थन नव्हे. ‘कसे टोचले’ याचे उत्तर ‘का टोचले’ याला चालत नाही. शिवाय सोपे झालेले काम वाढते, आणि एकाच उंदराला पुन्हा पुन्हा टोचता आले की संख्या घटते, त्या एकाचा भोग मात्र वाढतो. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही भूल देण्यावर थांबत नाही. शक्य तिथे प्रयोगच टाळा म्हणतो. (मोठ्या जनावराऐवजी लहान घ्या, असेही तोच म्हणतो, म्हणजे ओझे पुन्हा उंदरावरच.) तेव्हा जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने वार्षिक अहवालात किती प्राणी वापरले आणि कोणता प्रयोग त्यांच्याविना का होऊ शकला नाही, हे साध्या मराठीत छापावे.